सायकलवरून वाचा आपला जिल्हा

दोस्तांनो, तुम्ही सायकल कशाकशाला वापरता? शाळेला जायला, क्लासला जायला आणि आईने सांगितलं की पटकन दुकानातून साखर आणायला. बस्स! पण याच दोन चाकांवर काही जण अख्खं जग पाहून आले आहेत.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. तेव्हा ना धड रस्ते होते, ना गिअरच्या सायकली. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी प्रवास पुरा केला. सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून ते १९२८ मध्ये मुंबईला परतले. अलीकडे २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने सायकलवरून सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली, तीही १५९ दिवसांत. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती!

तुम्ही म्हणाल, गाडीने गेलं तर लवकर नाही का होणार? होईल की. पण गाडीत चढ कळत नाही. सायकलवर चढ पोटऱ्यांना कळतो, ऊन डोक्याला कळतं आणि तहान घशाला. जुन्या काळच्या बांधणाऱ्यांनाही चढ, ऊन आणि पाणी याच गोष्टींचा विचार करावा लागायचा. म्हणून सायकलवरून आलेल्याला इमारत चटकन समजते. पटत नाही? मग चला नगरला. २०२४ पासून या शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे.

हे शहर अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसवलं. इथला किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. चढच नाही, मग शत्रूला अडवणार कसं? म्हणून गोल तटबंदी आणि तिच्याभोवती खोल खंदक! तटाचा घेर साधारण पावणेदोन किलोमीटर भरतो. १५९५-९६ मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हा चांदबिबीने हाच किल्ला लढवला. पुढे १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू इथे कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक त्यांनी इथेच लिहिलं. आत जायचं असेल तर ओळखपत्र बरोबर ठेवा आणि आधी चौकशी करा.

शहराबाहेर फराहबाग आहे. हा अष्टकोनी महाल १५८३ मध्ये पुरा झाला आणि तोही चक्क तलावाच्या मधोमध! नगर पडला कमी पावसाचा मुलूख. म्हणून निजामशाहीत लांबून खापरी नळांनी पाणी आणलं जाई. उन्हातून सायकल हाणत इथे या आणि घुमटाखालच्या उंच दालनात पाच मिनिटं बसा. महालाभोवती पाणी कशासाठी खेळवलं होतं, ते कुणी सांगावं लागणार नाही.

आता पाथर्डी रस्ता धरा. सुमारे तेरा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर एक तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत दिसते. वरचा घाट चढताना दम लागला तर खुशाल उतरा आणि सायकल ढकला. लोक या इमारतीला 'चांदबिबी महाल' म्हणतात. पण हा महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही! ही आहे सलाबतखानाची कबर. सलाबतखान हा मुर्तझा निजामशहाचा मंत्री. तळघरात उतरलात की कबर दिसते. खालून नुसतं बोट दाखवून जाणाऱ्याला हे कधीच कळत नाही आणि चुकीचं नाव तसंच पुढे चालत राहतं.

पायांना सवय झाली की एखाद्या सुट्टीत मोठ्या माणसांबरोबर नेवाशाला जा. अंतर सुमारे साठ किलोमीटर. इमामपूरचा घाट उतरलात की मुलूख बदलू लागतो. उघडी माळरानं मागे पडतात आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दिसू लागतो. नेवाशाला प्रवरेकाठी पैस खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, असं मानतात. एका साध्या दगडी खांबासाठी लोकांनी भोवती अख्खं मंदिर उभारलं! महालासारखीच माणसांची श्रद्धाही दगड जपते, ती अशी.

निघण्यापूर्वी ब्रेक तपासा. हवेचा पंप, पंक्चरचं सामान, दोन बाटल्या पाणी आणि गूळ-शेंगदाणे घ्या. घरी सांगून निघा. हमरस्त्यावर एकामागे एक चाला. एक वही मात्र विसरू नका. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा : ही वास्तू कुणी बांधली? इथेच का बांधली? पाणी कुठून आणलं? उत्तर सापडलं नाही तर गावातल्या आजोबांना विचारा, मग पुस्तकात पडताळून पाहा.

आणि हो, भिंतीवर कोळशाने किंवा खिळ्याने नाव कोरायचं नाही. तिथे आधीच पुष्कळ नावं आहेत, पण बांधणाऱ्या गवंड्यांची त्यांत नाहीत. तुमचं नाव वहीवर घाला. तुमच्या गावाजवळचं कोणतं देऊळ, बारव किंवा मशीद तुम्ही अजून नीट पाहिली नाही? येत्या रविवारी पहिली फेरी तिकडेच काढा.