हातात मावणारा खेळ-संगणक : उद्याचे यंत्र कसे असावे?

व्यापारी कुटुंबात कोणतीही वस्तू घेताना दोन प्रश्न आपोआप विचारले जातात : ही किती वर्षे टिकेल, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करील? वजनकाटा असो, शिलाई यंत्र असो अथवा दुकानातील संगणक असो, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे मोजले जात नाहीत. परंतु घरातील मुलगा वा मुलगी हातात धरून खेळायचा संगणक मागते, तेव्हा मात्र हे प्रश्न विचारायचे राहून जातात. चर्चा होते ती प्रोसेसरच्या वेगाची आणि पडद्यावरील चित्रांच्या झळाळीची. अशा यंत्राची उद्याची रचना कशी असावी, याचा विचार त्या दोन जुन्या प्रश्नांपासून सुरू केला, तर उत्तर आजच्या जाहिरातींपेक्षा बरेच वेगळे येते.

हे यंत्र म्हणजे मोबाईल नव्हे. दोन्ही बाजूंना कळा व अंगठ्याने फिरवायच्या दांड्या, मध्ये सात इंचांच्या आसपास पडदा आणि आत पूर्ण क्षमतेचा संगणक, असे त्याचे स्वरूप असते. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात आणला आणि या प्रकाराला खरी गती मिळाली. भारतात एसस कंपनीचा आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये आला. त्याच्या वरच्या श्रेणीची किंमत होती ६९,९९० रुपये.

ही किंमत हिशेबाच्या वहीत मांडून पाहावी. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरला जातो. त्या दराने सत्तर हजारांच्या यंत्राचे वहीतील मूल्य तीन वर्षांनी सुमारे १५,००० रुपये उरते. यंत्र चार वर्षे चालले तर महिन्याचा खर्च साधारण १,४५८ रुपये पडतो. तेच आठ वर्षे चालले तर निम्मा होतो. म्हणजे यंत्र स्वस्त करण्याचा एक मार्ग किंमत कमी करणे हा असला, तरी दुसरा मार्ग आयुष्य वाढवणे हा आहे. दुसऱ्या मार्गाकडे रचनाकारांचे लक्ष आजवर फारसे गेलेले नाही.

सापगावची कसोटी

शहापूरहून मुरबाडच्या दिशेने निघाले की भातसा नदीकाठी सापगाव लागते. मुंबईची तहान भागवणाऱ्या धरणांचा हा परिसर. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात जातो, जून ते सप्टेंबर पावसाची झड असते, वादळवाऱ्यात वीज जाते आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर मोबाईलची रेंज भरवशाची नसते. बिघडलेली वस्तू घेऊन माणूस शहापूरच्या बाजारातील कारागिराकडे जातो. महानगरातील कंपनीच्या सेवा केंद्राकडे नव्हे.

आता स्टीम डेक या कसोटीवर ठेवून पाहावा. भोवतालचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असताना आपले यंत्र उत्तम चालते, असे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितले आहे. त्याहून अधिक उकाड्यात, स्वतःला वाचवण्यासाठी, ते आपला वेग कमी करू शकते. म्हणजे मे महिन्याच्या सुटीत, मुलांना खेळायला सर्वाधिक वेळ असतो तेव्हाच, सापगावच्या ओसरीवर हे यंत्र आपल्या मर्यादेच्या बाहेर गेलेले असते. यात निर्मात्यांचा खोटेपणा नाही. त्यांनी आपल्या ग्राहकाचे घर डोळ्यांसमोर ठेवले. प्रश्न एवढाच की, सापगावचे घर डोळ्यांसमोर ठेवून कोणी रचना करील काय?

खैराटचा धडा

असा प्रयत्न एकदा झालेला आहे, आणि तोही याच डोंगरपट्ट्याला लागून. शहापूर-मुरबाडचा रस्ता पुढे कर्जतकडे जातो. रायगड जिल्ह्यातील त्या कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीतील प्राथमिक शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे संगणक आले. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या निकोलस निग्रोपाँटे यांच्या जागतिक योजनेचा तो भारतातील प्रारंभीचा प्रयोग होता. यंत्राचे नाव होते एक्सओ.

एक्सओ शिक्षणासाठी होता. तरी त्याचा पडदा उलटा फिरवून मिटला की त्याची पाटी होई आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळाच्या कळा असत. त्या अर्थाने तो आजच्या खेळ-संगणकाचा ग्रामीण पूर्वजच म्हणावा लागेल. त्याची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्यात पंखा नव्हता, फिरती हार्ड डिस्क नव्हती. कळफलक रबरी व सलग असल्याने धूळ-पाणी आत शिरत नसे. पडदा भर उन्हात कृष्णधवल होऊन स्पष्ट वाचता येई. बॅटरी सुमारे २,००० वेळा चार्ज व्हावी अशी योजना होती. आणि यंत्राच्या आतच सुटे स्क्रू जादा ठेवलेले होते. दुरुस्ती करणारा माणूस गावातलाच असणार, हे रचनाकाराने आधीच गृहीत धरले होते.

योजना मात्र देशभर पसरली नाही. शंभर डॉलरचे म्हणून गाजलेले यंत्र प्रत्यक्षात १८० डॉलरच्या पुढे गेले, आणि भारत सरकारने मोठ्या खरेदीस २००६ मध्येच नकार दिला होता. उत्तम यंत्र बनवले म्हणजे ते घरोघरी पोहोचतेच असे नाही, हा व्यापाऱ्याला ठाऊक असलेला धडा येथेही खरा ठरला. तरीही रचनेतील शहाणपण त्यामुळे खोटे ठरत नाही.

जुन्या तंत्राची पुण्याई

हाती धरायच्या खेळांचा इतिहासही हेच सांगतो. जपानमधील निन्टेन्डो ही १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघालेली पेढी. तेथे देखभालीच्या कामावर लागलेले गुनपेई योकोई यांनी, आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरशी चाळा करताना पाहिला आणि त्यांना हातातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेमुळे त्याचे पडदे तोवर स्वस्त झालेच होते. १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय' त्यातून जन्माला आले.

योकोई यांचे सूत्र होते : मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नव्या दिशेने उपयोग करावा. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्याला प्रकाशही नव्हता. पण चार साध्या पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक चाले. त्याच काळात आलेले सेगा कंपनीचे गेम गिअर रंगीत व देखणे होते. ते सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ बारा कोटी नग खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. ग्राहकाने झळाळी नाही, चालण्याचे तास विकत घेतले.

उद्याच्या यंत्रासाठी पाच सूचना

पहिली बाब विजेची. यंत्रात ४० वॅट-तासांची बॅटरी आहे असे धरू. खेळ जड असेल आणि यंत्र २० वॅट वीज घेत असेल, तर हिशेब सरळ आहे : दोन तास. यंत्र ५ वॅटवर चालवता आले तर तीच बॅटरी आठ तास पुरते. म्हणून मोठी बॅटरी बसवण्याआधी कमी वीज खाणारी रचना करावी. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे पंख्याची गरज नाही, आणि पंखा नाही म्हणजे धूळ व दमट हवा आत ओढली जात नाही. वीज, उकाडा व पावसाळा या तिन्ही अडचणींचे मूळ असे एकाच ठिकाणी सापडते.

दुसरी बाब पडद्याची. बाहेरच्या उजेडावरच वाचता येणारा पडदा ओसरीवर, अंगणात वा एसटीच्या खिडकीशी बसून वापरता येतो आणि वीजही वाचवतो. २०२२ मध्ये आलेल्या प्लेडेट या छोट्या अमेरिकन यंत्रात असा कृष्णधवल पडदा आहे. एक्सओप्रमाणे दोन्ही रीतींनी चालणारा, म्हणजे घरात रंगीत आणि उन्हात कृष्णधवल, पडदा पुन्हा आणावा.

तिसरी बाब दुरुस्तीची. अशा यंत्रात सर्वांत आधी दोन गोष्टी थकतात : बॅटरी आणि अंगठ्याच्या दांड्या. बहुतेक दांड्यांत घर्षण होणारे भाग असतात. ते झिजले की हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू सरकू लागतो. चुंबकाच्या साहाय्याने हालचाल मोजणाऱ्या दांड्यांत हे घर्षणच नसते. त्या सर्वत्र वापराव्यात. बॅटरी गोंदाने चिकटवू नये. साध्या पेचकसाने निघावी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असा नियम केला असून, काही अपवाद वगळता १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथील उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः बदलता आल्या पाहिजेत. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा अधिकार' हे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीची माहिती व सुटे भाग शहापूरच्या कारागिरापर्यंत पोहोचले, तरच या अधिकाराला अर्थ आहे.

चौथी बाब इंटरनेटच्या अवलंबित्वाची. आजचे काही मोठे खेळ शंभर गिगाबाइटहूनही अधिक जागा घेतात. रेंज नसलेल्या वाडीवर ते उतरवणार कसे? गेम बॉयचा खेळ एका छोट्या डबीत मिळे. डबी खोचली की खेळ सुरू. तशीच सोय मेमरी कार्डाच्या रूपाने व्हावी, आणि विकत घेतलेला खेळ इंटरनेटच्या परवानगीवाचून केव्हाही चालावा. विकत घेतलेली वस्तू वापरण्यासाठी रोज विक्रेत्याची संमती घ्यावी लागणे, हे कोणत्याही व्यवहारनीतीत बसत नाही.

पाचवी बाब एकत्र कुटुंबाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांच्या पुढाकाराने घडलेल्या सिम्प्युटर या भारतीय हातसंगणकात स्मार्ट कार्डाची खाच होती. यंत्र एक, पण प्रत्येकाचे कार्ड वेगळे, अशी ती कल्पना. खेळ-संगणकात ती फार शोभेल. तीन भावंडांना तीन यंत्रे घेण्याऐवजी एक यंत्र व तीन कार्डे पुरतील. कार्डावर खेळाची प्रगती राहील आणि पालकांनी ठरवलेली वेळेची मर्यादाही. पैसे भरण्याची सोय मात्र या कार्डापासून अलग असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा करून पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घातली. कायदा आपले काम करील. पण मुलाच्या हातातील यंत्रातून घरच्या खात्याकडे वाटच नसणे, हा अधिक भक्कम बंदोबस्त होय.

यंत्र कोणाचे, खेळ कोणाचा?

एवढे करूनही एक प्रश्न उरतो. या यंत्रावर मुले खेळणार काय? पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ घडवला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी ही त्याची नायिका, आणि प्राचीन भारतीय कथा-शिल्पांचे जग ही त्याची पार्श्वभूमी. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वप्रथम निन्टेन्डोच्या स्विच या हातात धरायच्या यंत्रावर प्रसिद्ध झाला. पुण्यात घडलेला खेळ जगाने हाती घेतला; पण ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. येथे मिळत ती खासगी आयातीतून आलेली यंत्रे.

खेळ रचणारे हात आपल्याकडे आहेत, दुरुस्त करणारे हात प्रत्येक तालुक्याच्या बाजारात आहेत, आणि विकणाऱ्या पेढ्यांची तर वाणच नाही. आपल्या हवेला, आपल्या विजेला आणि आपल्या कुटुंबपद्धतीला साजेसे यंत्र मात्र अजून कोणी मांडलेले नाही. व्यापारी घरांतील अनेक मुले आज अभियांत्रिकी वा संगणकशास्त्र शिकत आहेत. नवे यंत्र मागणाऱ्या मुलासमोर पालकांनी एक कागद ठेवावा आणि तुला हवे असलेले यंत्र मे महिन्यात, वीज नसताना, सापगावच्या ओसरीवर किती तास चालेल, असे विचारावे. उत्तर शोधताना तो चांगला ग्राहक तर होईलच. कदाचित ते यंत्र घडवणाराही होईल.