तक्रार दाबली, तर प्राचार्यही आरोपी
सांगलीचं वालचंद असो, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी असो की मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय. वसतिगृह आलं की 1999 चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा आलाच. तक्रार येताच 7 दिवसांत चौकशी, तथ्य दिसल्यास निलंबन आणि प्रकरण पोलिसांकडे. दोषीला 2 वर्षांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड. वर 5 वर्षं दुसरीकडेही प्रवेश बंद. खरी मेख पुढे आहे. ‘पोरांची मस्करी, आपसात मिटवा’ म्हणत अर्ज खणात सारणाऱ्या संस्थाप्रमुखाने रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो, आणि गुन्हा शाबीत झाल्यास शिक्षा तीच. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय ऑफिसची खिडकी सोडू नये. ते 7 दिवस तिथूनच मोजता येतात.