नेचा उंच होतो, जाड होत नाही

न्यूझीलंडच्या क्रिकेटपटूंच्या टोपीवर जे रुपेरी पान असतं, ते नेच्याचं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीच्या फटीत उगवणारे नेचे जेमतेम वीतभर असतात. हा ‘सिल्व्हर फर्न’ मात्र दहा मीटरपर्यंत वाढतो. त्याच देशातला ‘ममाकू’ नेचा वीस मीटर उंची गाठतो आणि त्याचं एकेक पान पाच मीटरपर्यंत लांब असतं. मग अशा नेच्यांना झाड का म्हणायचं नाही?

फरक खोडाच्या आत आहे. आंब्याच्या किंवा सागाच्या सालीखाली कँबियम हा वाढत्या पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला लाकूड घडवतो, बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या. म्हणून खोडाचा घेर दरवर्षी वाढतो. कॅलिफोर्नियातले रेडवूड ११५ मीटरवर पोचले, ते या लाकडाच्या जोरावर. नेच्यात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या आहेत, पण कँबियम नाही. त्यामुळे लाकूड नाही आणि वर्षवलयंही नाहीत. कोकणातल्या माडाप्रमाणे त्याची सारी वाढ शेंड्यावरच्या कोंबातून होते. बहुतेक वृक्षनेच्यांचा हा कोंब मेला की अख्खा नेचा मरतो.

मग एवढं उंच खोड उभं कसं राहतं? ममाकूचं खोड जवळून पाहिलं, तर वरच्या भागात गळालेल्या पानांचे लंबगोल व्रण ओळीनं दिसतात. खाली मात्र काळ्या, राठ मुळांचं दाट आवरण असतं. खोडातूनच फुटलेली ही मुळं एकमेकांत गुंतून बुंध्याला जाडी आणि आधार देतात. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत वाढणारा ‘सॅरोनियस’ हा वृक्षनेचाही अशाच मुळांच्या आधारानं दहा मीटरपर्यंत उंच होत असे.

इतक्या उंच वनस्पतीची सुरुवात मात्र नखाहून लहान असते. बीजाणू ओल्या जमिनीवर रुजतो आणि त्यातून काही मिलिमीटरचा, बहुधा हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरच्या पुंपेशी पाण्यातून पोहत स्त्रीपेशीकडे जातात, तेव्हा नवा नेचा जन्मतो. म्हणूनच त्याला ओलावा लागतो.

पुढची वाढही संथ. ऑस्ट्रेलियातला ‘डिक्सोनिया अंटार्क्टिका’ वर्षाला साडेतीन ते पाच सेंटिमीटर वाढतो. म्हणजे त्याच्या चार मीटर खोडामागे साधारण शतकभराची वाढ असते.

आपल्या देशातही सह्याद्रीच्या दक्षिण भागात, पचमढीत आणि ईशान्येकडे ‘सायथिया’ वंशाचे वृक्षनेचे आहेत. ऑर्किड लावण्यासाठी वृक्षनेच्यांची तंतुमय खोडं तोडली जातात. सायथियाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आहे, पण तेवढ्यानं भागणार नाही. ऑर्किडसाठी नारळाची सोडणं आणि कोळसा उत्तम चालतात. नेच्याच्या खोडाचा तुकडा विकत घेऊ नका.