वाहन कोटा पद्धत (सिंगापूर)

वाहन कोटा पद्धत ही सिंगापूरमधील वाहनांची संख्या मर्यादित ठेवणारी शासकीय व्यवस्था असून ती १ मे १९९० रोजी सुरू झाली. या नगरराष्ट्राची सुमारे १२ टक्के भूमी रस्त्यांनीच व्यापलेली असल्याने रस्ते वाढवत राहण्यास तेथे फारसा वाव नाही. म्हणून नवे वाहन नोंदवण्यापूर्वी खरेदीदाराला लिलावातून 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' (सीओई) हे हक्कपत्र मिळवावे लागते. त्याची मुदत १० वर्षे असते. त्यानंतर वाहनाची नोंदणी रद्द करावी लागते किंवा अलीकडच्या तीन महिन्यांतील लिलाव-दरांच्या सरासरीइतकी रक्कम भरून हक्कपत्राचे नूतनीकरण करता येते.

कोट्याचे गणित

किती हक्कपत्रे लिलावात काढायची, हे मुख्यतः नोंदणी रद्द झालेल्या वाहनांच्या संख्येवरून ठरते. त्यात अनुज्ञेय वार्षिक वाढ मिळवली जाते. ही वाढ प्रारंभी ३ टक्के होती. ती टप्प्याटप्प्याने घटवून फेब्रुवारी २०१८ पासून मोटारी व मोटारसायकलींसाठी शून्य करण्यात आली. परिणामी, नोंदवहीतून एक मोटार बाहेर पडली तरच दुसरीला जागा मिळते.

पूर्वी रद्द होणाऱ्या नोंदणींचा अंदाज बांधून कोटा ठरवला जाई. अंदाज फुगला की रस्त्यावर वाहने जास्त येत. एप्रिल २०१० पासून प्रत्यक्ष आकडे वापरले जाऊ लागले, तरी दुसरी अडचण उरलीच: एखाद्या वर्षी थोड्या मोटारी नोंदल्या गेल्या, तर दहा वर्षांनी कोटाही आटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारीच्या हक्कपत्राचा दर १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेला. त्यात मोटारीची किंमत धरलेली नाही. हे चढउतार सौम्य करण्यासाठी आता चार तिमाहींची सरासरी घेतली जाते.

मर्यादा

नोंदणीवरून वाहने किती आहेत हे कळते. ती कोठे, केव्हा व किती धावतात हे कळत नाही. गर्दीच्या रस्त्यांसाठी १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक पथकर आकारला जातो. खासगी मोटारींचा सरासरी वापर घटल्याचे दिसल्यावर फेब्रुवारी २०२५ पासून पुढील काही वर्षांत मिळून सुमारे २०,००० जादा हक्कपत्रे देण्याचे ठरले.

अशा गणितासाठी नोंद रद्द होण्याची शिस्त अत्यावश्यक असते. भारतात नोंदणीकृत वाहनांची एकूण संख्या बऱ्याच अंशी संचयी आहे. भंगारात गेलेल्या अनेक वाहनांच्या नोंदी रद्द होत नसल्याने ती रस्त्यावरील प्रत्यक्ष वाहनांपेक्षा जास्त भरते.