माहेर सिंदखेड राजा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे, देशमुखीचे वतनदार लखुजी जाधवराव व म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मलेल्या जिजाऊंनाही, आज परदेशी स्थायिक झालेल्या मराठी आयांप्रमाणेच, माहेरचा मुलूख सोडून परक्या प्रांती घर उभारावे लागले. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत बालशिवाजींसह आल्यावर उजाड झालेल्या कसब्यात त्यांनी वस्ती नांदवली व परंपरेनुसार कसबा गणपतीची स्थापना केली. शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, पाचाड येथे त्यांचे देहावसान झाले.

सातासमुद्रापार : लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, तर उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. अशा मंडळांच्या आश्रयाने भरणाऱ्या सुटीच्या दिवशीच्या मराठी शाळांत बहुधा आयाच शिक्षिका असतात, आणि जिभेचे टोक टाळूकडे वळवून ‘बाळ’, ‘फळा’, ‘तिळगूळ’ असे शब्द मुलांकडून घोकून घेताना त्यांचा सारा जीव त्या एका ‘ळ’मध्ये गुंतलेला असतो.

जन्मोत्सव : दरवर्षी १२ जानेवारीस सिंदखेड राजातील राजवाड्यापाशी जिजाऊभक्तांचा अफाट समुदाय लोटतो; दोन-तीन दिवसांतच संक्रांत येते, आणि परदेशातील मराठी घरांतून हळदीकुंकवाची निमंत्रणे निघतात.