रोमन रौप्य नाण्यावरील सम्राज्ञी व देवता

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठचे नेवासे हे रोमन व्यापाराशी संबंध आलेले स्थळ म्हणून अभ्यासकांस परिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. अशा परिसरात एखादे रोमन रौप्य नाणे हाती आल्यास त्यावरील सम्राज्ञी कोण व देवता कोणती, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. व्यापाराच्या कालनिर्णयाशी त्याचा संबंध पोहोचतो.

फौस्तिना हे नाव उदाहरणादाखल घेता येईल. सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी व मार्कस ऑरेलियस याची पत्नी या मायलेकी असून दोघींचे नाव एकच. नाण्यावर ‘फौस्तिना औगुस्ता’ एवढेच असल्यास केवळ नावावरून निर्णय होत नाही. अशा वेळी केशरचना पाहावी. आईच्या वेण्या माथ्यावर गुंडाळलेल्या असतात. मुलीचा अंबाडा डोक्याच्या मागील बाजूस असतो.

मुद्रालेख मोठा असेल तर व्याकरण साहाय्यास येते. ‘फौस्तिनाए औग पिई औग फिल’ या लेखातील ‘फिल’ हा ‘कन्या’ या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप होय. ‘पायस औगुस्तुसची कन्या’ असा अर्थ निघताच नाणे मुलीचे ठरते आणि ते पित्याच्या हयातीतील, म्हणजे इ. स. १६१ पर्यंतचे, असेही कळते. ‘फौस्तिनाए’ हे रूप लॅटिनमध्ये षष्ठीचे वा चतुर्थीचेही असू शकते. याच शतकातील सातवाहनांच्या रौप्य नाण्यांवर ‘वासिठिपुतस’ असे षष्ठ्यन्त रूप येते. तेथे राजाची ओळख मातेवरून, येथे राजकन्येची पित्यावरून!

‘दिवा’ म्हणजे ‘देवत्व पावलेली’. हा शब्द असल्यास नाणे मृत्यूनंतरचे समजावे. आईचा मृत्यू इ. स. १४० च्या सुमारास, तर मुलीचा १७५ च्या सुमारास झाला. त्यापुढे ‘पिआ’ हे विशेषण जोडलेले असल्यास ते मुलीचे होय.

मागील बाजूस काही वेळा ‘औगुस्ता’ एवढाच शब्द असतो. त्यावरून ती आकृती सम्राज्ञीचीच मानणे चुकीचे ठरेल. अशा वेळी हातांतील वस्तू पाहाव्यात. धान्याच्या लोंब्या व मशाल असल्यास ती धान्यदेवता सेरेस. पायाशी मोर असल्यास ती देवराज्ञी जूनो.

एवढ्याने नाण्याची ओळख पटते, त्याच्या प्रवासाची नव्हे. नाणे पाडल्याचा काळ हा ते येथे पोहोचल्याचा काळ नसतो. भारतात आढळलेली रोमन रौप्य नाणी बहुसंख्येने औगुस्तुस व तिबेरियस यांची आहेत. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास वजन व चांदीचे प्रमाण घटविले. त्यानंतरची रौप्य नाणी येथे विरळाच. म्हणून फौस्तिनेच्या नाण्यास येथील व्यापाराचा पुरावा मानण्यापूर्वी ते कोणत्या थरात व कोणत्या वस्तूंसह मिळाले, याची नोंद हवी. ती नसल्यास नाणे रोमचा इतिहास सांगेल; नेवाशाचा सांगणार नाही.