तेल नव्हे, खडक शोधणारे विमान

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्राच्या बऱ्याच भागात जहाजांना काम करायला उन्हाळ्याचे मोजके आठवडेच मिळतात. बाकीचे वर्ष बर्फाचे. तरीही या समुद्रतळाखाली काय दडले आहे, याची उत्सुकता सरकारांना आणि तेल कंपन्यांना अनेक दशके आहे. जगात अजून न सापडलेल्या तेलापैकी सुमारे १३ टक्के आणि नैसर्गिक वायूपैकी सुमारे ३० टक्के साठा आर्क्टिकमध्ये असावा, असा अंदाज अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००८ मध्ये मांडला. त्यातला बहुतांश साठा समुद्राखाली आहे. पण एवढ्या अफाट पसाऱ्यात शोधायचे कुठे? या प्रश्नाचे पहिले उत्तर अनेकदा विमानातून मिळते.

गोधडीखालच्या वस्तू

हे विमान तेल शोधत नाही. ते मोजते चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण. समुद्रापासून काहीशे मीटर उंचीवरून ते शेत नांगरावे तसे समांतर रेषांत ये-जा करते. शेपटीला लांब दांडी असते आणि तिच्या टोकाला चुंबकमापक, म्हणजे विमानातल्या धातूचा आणि विजेचा त्याच्यावर कमीत कमी परिणाम होतो. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी वापरले गेले आणि युद्धानंतर खनिजशोधाकडे वळले.

तेल आणि वायू प्रामुख्याने गाळाच्या खडकांत सापडतात. या खडकांत चुंबकत्व जवळजवळ नसते. त्यांच्याखालच्या पायाच्या कठीण खडकांत मात्र ते बऱ्यापैकी असते. पाया वर आलेला असेल, तर चुंबकीय आलेखात तीव्र चढउतार दिसतात. तो खोल असेल, तर आलेख संथ होतो. जाड गोधडीखाली ठेवलेल्या वस्तूच्या कडा हाताला बोथट लागतात, तसेच हे. आलेख जितका संथ, तितका वरचा गाळ जाड असण्याची शक्यता अधिक.

गुरुत्वाकर्षणाचे मोजमाप याला जोड देते. मिठासारखे हलके थर असलेल्या ठिकाणी गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. हा फरक दहा लाखांत काही भाग इतका सूक्ष्म असतो आणि विमानाला बसणारे हेलकावे त्याच्या हजारो पट मोठे. उपग्रहांच्या मदतीने विमानाची हालचाल अचूक टिपून ती वजा केली, तरच खडकांचा संकेत हाती येतो.

ध्रुवीय प्रदेशात आणखी एक अडचण आहे. आकाशात रंगीत प्रकाशाचे पडदे हलतात, तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही डळमळते आणि खडकांचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. म्हणून जमिनीवर दुसरा चुंबकमापक सतत चालू ठेवतात. वादळ मोठे असेल, तर उड्डाण थांबवावे लागते किंवा त्या रेषा पुन्हा उडाव्या लागतात.

विमानानंतर जहाज

एवढे करून हाती येतो तो गाळाची खोरी दाखवणारा नकाशा. गाळ पातळ असलेले भाग त्यावरून वगळता येतात आणि जहाजाचा फेरा कमी होतो. पण खडकांचे थर नेमके कसे वळले आहेत, हे कळायला जहाजच लागते. दाबलेल्या हवेचे बार काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात सोडायचे आणि समुद्रतळाखालून परतणारे ध्वनी टिपायचे, ही ती पद्धत.

इथेच खरा वाद सुरू होतो. पाण्यात आवाज दूरवर जातो आणि ध्रुवीय समुद्रातले देवमासे आवाजावरच जगतात. पूर्व ग्रीनलंडमधल्या नारव्हालांच्या अभ्यासात दिसले, की जहाज दहा किलोमीटरहून अधिक दूर असतानाही त्यांचे वागणे बदलते.

कॅनडातल्या क्लाइड रिव्हर या इन्युइट गावासाठी हे प्राणी म्हणजे अन्न आणि जगण्याची रीत. बॅफिन उपसागरात अशा ध्वनी सर्वेक्षणाला मिळालेल्या परवानगीविरुद्ध हे गाव न्यायालयात गेले. गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून आला होता सुमारे चार हजार पानांचा दस्तऐवज आणि त्यातला अगदी थोडा भाग त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये, गावाशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, असे सांगून ती परवानगी रद्द केली.

सगळे टप्पे पार केले, तरी यशाची खात्री नसते. अलास्काजवळच्या चुक्ची समुद्रात शेल कंपनीने सुमारे ७ अब्ज डॉलर खर्ची घातले. २०१५ मध्ये तिथे विहीर खोदल्यावर तेल-वायूच्या खुणा मिळाल्या, पण पुढे जाण्याइतका साठा नव्हता. कंपनीने काम थांबवले.

दक्षिण ध्रुवाकडेही अशीच विमाने, अशीच उपकरणे घेऊन उडतात. तिथे मात्र ती केवळ विज्ञानासाठी. १९९१ च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात खनिज उत्खननाला बंदी आहे आणि भारतानेही २०२२ च्या कायद्यात ती आणली. ग्रीनलंडने २०२१ मध्ये हवामानबदलाचे कारण देत तेलशोधाचे नवे परवाने थांबवले. उपकरणे तीच, नकाशेही तसेच. पण ते जहाजापर्यंत न्यायचे की विज्ञानापुरते ठेवायचे, हे ठरवणे माणसांच्या हाती राहिले.